झाकणांच्या कारखान्याचा विस्तार

धाकट्यांना खरं म्हणजे फक्त एक दिव्याचा खांब हलवून हवा होता.

धाकटे म्हणजे झाकणांच्या कारखान्याचे मालक. पन्नाशी उलटून गेली, समोरचे केस मागे आणि पोट पुढे गेलं, कारखाना काढणारे वडील, म्हणजे थोरले मालक, जाऊनही जमाना लोटला, तरी लोक त्यांना धाकटेच म्हणत. त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. थोरलं होण्यासाठी जी ओरडायची ताकद लागते ती आपल्यात नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पत्र्याची झाकणं करायची, रंगाच्या डब्यांवर, मधाच्या बरण्यांवर, पॉलिशच्या डब्यांवर ती घट्ट बसतात की नाही बघायचं आणि चौदा माणसांचे पगार वेळेवर द्यायचे, एवढाच त्यांचा संसार. त्यात ते सुखी होते.

एकच काटा सलत होता. कारखान्याच्या फाटकासमोर, बरोबर तोंडाशी, महापालिकेचा दिव्याचा खांब होता. पत्रा घेऊन येणारा ट्रक त्या खांबामुळे आत वळत नसे. तो रस्त्यातच उभा राही, मागची वाहनं भोंगे वाजवत, आणि दोन माणसं पत्र्याचे गठ्ठे उचलून उचलून आत आणत. खांब चार हात सरकवा, असा अर्ज धाकट्यांनी कितीदा केला होता. विद्युत विभाग म्हणे, खांब आमचा आहे, पण तो ज्यात रोवलाय तो फुटपाथ बांधकामवाल्यांचा. बांधकामवाले म्हणत, फुटपाथ आमचा आहे, पण उजेड त्यांचा. धाकटे दोन्हीकडे "बरं बरं" म्हणून परत येत.

त्या दिवशी मात्र त्यांच्यासोबत मेव्हणा होता. या मेव्हण्याचा धंदा दर वर्षी बदलत असे. न बदलणारी गोष्ट एकच, ती म्हणजे तोंड. खिडकीतल्या कारकुनाने नेहमीप्रमाणे "बांधकामला जा" म्हटलं, तसा मेव्हणा पुढे वाकला आणि हळूच म्हणाला, "साहेब, आमच्या कारखान्याचा विस्तार चाललाय."

कारकुनाने चष्मा काढला. "विस्तार?"

"मोठा विस्तार."

त्या शब्दात काय जादू होती कोण जाणे. खिडकी बंद झाली आणि दार उघडलं. जिना चढून, गालिचा तुडवून दोघं थेट महापौरबाईंच्या खोलीत पोचले. समोर चहा आला, बिस्किटं आली. महापौरबाई उठून उभ्या राहिल्या, तेव्हा तर धाकटे इतके गडबडले की बिस्किटासकट त्यांनी हात जोडले.

बाईंचीही एक अडचण होती. शेजारच्या शहरात नुकताच बॅटऱ्यांचा भलामोठा कारखाना आला होता. तिथल्या महापौरांचा हातभर लांब कात्री घेऊन फीत कापतानाचा फोटो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकला होता. खाली बातमीदाराने विचारलं होतं, 'आणि आपल्या शहरात काय?' आपल्या शहरात गेल्या वर्षभरात एक उद्योग आला नव्हता आणि दोन गेले होते. निवडणूक तोंडावर आली होती. अशा वेळी कुणी आपल्या पायांनी चालत येऊन विस्तार म्हणतोय, म्हणजे आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन.

"किती रोजगार निर्माण होतील?" बाईंनी विचारलं.

धाकट्यांनी प्रामाणिकपणे मनात हिशेब केला. खांब हलला तर ट्रक आत येईल. ट्रक आत आला तर पत्रा उचलणारी दोन माणसं मोकळी होतील. म्हणजे रोजगार दोनने कमीच होणार. तसं सांगावं म्हणून त्यांनी घोट गिळला, तोवर मेव्हणा बोलून मोकळा झाला होता.

"शंभर."

धाकट्यांना ठसका लागला. बाईंनी स्वतः पाण्याचा पेला पुढे केला. "भावना अनावर झाल्या," त्या आपल्या सचिवाला म्हणाल्या. सचिवाने ते लिहून घेतलं, आणि धाकट्यांनी पुन्हा बिस्किटासकट हात जोडले तेव्हा फोटोही काढला.

घरी आल्यावर धाकट्यांनी हे सगळं बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. तिची सुरी थांबली.

"शंभर माणसं? झाकणं करायला? जगात एवढ्या बरण्या उघड्या पडल्यात का?"

"मी काहीच बोललो नाही गं."

"तेच तर म्हणते मी. तुम्ही कधी काही बोलत नाही, म्हणून दुसरे बोलतात. आणि माझा भाऊ! त्याने लहानपणी मास्तरांना सांगितलं होतं की आमच्या घरी हत्ती आहे. मास्तर बघायला आले होते."

"मग?"

"मग काय! हत्ती फिरायला गेलाय म्हणाला." तिने सुरी पुन्हा चालवली. "उद्या जाऊन सांगा, चूक झाली म्हणून."

धाकटे दुसऱ्या दिवशी सांगायला निघालेही. पण कोपऱ्यावरच वर्तमानपत्रवाल्याने त्यांना सलाम ठोकला. पहिल्या पानावर त्यांचा फोटो होता. हात जोडलेले, त्यात बिस्किट, डोळ्यांत ठसक्याचं पाणी. वर मथळा: 'झाकणसम्राटाला अश्रू अनावर, शहरात शंभर नोकऱ्या'. धाकटे तसेच माघारी फिरले.

मग महापालिकेने त्यांना काय काय दिलं! कारखान्यामागची पडीक जागा दिली, जिथे बागांमधले मोडके झोपाळे आणि पाय तुटलेली बाकं टाकून ठेवली होती. करात सूट दिली. रस्त्याला 'उद्योग मार्ग' असं नाव दिलं. बदल्यात एकच अट होती: वर्षाच्या आत शंभर नव्या नोकऱ्या, आणि त्यातल्या तीस तरी थेट कारखान्यात. घोषणेचा समारंभ कारखान्याच्या अंगणात ठरला. त्या दिवशी सकाळी महापौरबाईंची लांबलचक गाडी फाटकाशी आली आणि ट्रकसारखीच अडकली. सचिवाने फोन फिरवला. कुठूनतरी एक क्रेन आली, आणि चहा निवायच्या आत दिव्याचा खांब मुळासकट उपटून नेला. कुठला विभाग, कुणाचा फुटपाथ, कुणाचा उजेड, कुणी विचारलंसुद्धा नाही.

धाकटे त्या खड्ड्याकडे बघत राहिले. त्यांचं काम झालं होतं. आता त्यांना या सगळ्यातून अंग काढून घ्यायचं होतं. पण व्यासपीठावरून त्यांच्या नावाचा पुकारा झाला, आणि ते उठून "बरं बरं" म्हणत वर गेले.

पुढच्या आठवड्यात महापालिकेने पाठवलेला सल्लागार आला. तरुण, चकचकीत, घोट्याच्या वर संपणारी पँट घातलेला. त्याच्यामागून लाकडी खोक्यात बंद असं एक यंत्र आलं. प्रोत्साहन योजनेचाच भाग होता तो. एका बाजूने पत्रा घातला की दुसऱ्या बाजूने तयार झाकणं बाहेर. कापणं, दाबणं, कड वळवणं, मोजणं, सगळं आपलं आपण.

"याला किती माणसं लागतात?" धाकट्यांनी विचारलं.

"दोन," सल्लागार अभिमानाने म्हणाला. "रात्री तर एकच."

"आणि रोजगार शंभर वाढवायचा ना?"

"सर, तुम्ही जुन्या पद्धतीने विचार करताय." सल्लागाराने बाकावरची धूळ रुमालाने झटकली आणि बसला. "रोजगार तीन प्रकारचा असतो. प्रत्यक्ष, अप्रत्यक्ष आणि प्रेरित. तुमचा कामगार बाहेर चहा पितो. तो चहावाला अप्रत्यक्ष. चहावाला केस कापायला जातो. तो न्हावी प्रेरित."

"पण तो न्हावी आधीपासून आहे. माझे केस तोच कापतो."

"आता तो प्रेरित होऊन कापेल."

अशा रीतीने सत्तर नोकऱ्या दुपारच्या जेवणाआधीच तयार झाल्या. चहावाला, न्हावी, कोपऱ्यावरचा वर्तमानपत्रवाला, समोरच्या इमारतीतला दातांचा डॉक्टर, सगळे झाकण उद्योगात जमा झाले. अडलं ते तीस प्रत्यक्ष नोकऱ्यांपाशी. चौदा माणसं होती, पण ती जुनी. अट होती नव्यांची.

"सोपं आहे," सल्लागार म्हणाला. "या चौदांना काढा."

धाकटे ताडकन उठले. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

"फक्त कागदावर, सर! सकाळी काढायचं, दुपारी नवीन म्हणून घ्यायचं. चौदा नव्या नोकऱ्या. उरलेल्या सोळांचं बघू."

धाकटे पुन्हा बसले. कागदावर तर कागदावर. कुणाचं काय जाणार होतं? सगळ्यांत आधी मावशीला सांगावं, असं त्यांनी ठरवलं. मावशी कुणाची सख्खी मावशी नव्हती, पण कारखान्यात मावशी एकच. पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर बसणारी पहिली बाई थोरल्यांनी नेमली ती हीच. धाकटे शाळेतून कारखान्यात यायचे, तेव्हा मावशी त्यांना पत्र्याच्या गठ्ठ्यावर बसवून खेळायला वाकडी झाकणं द्यायची. अजूनही ती त्यांना अरेतुरेच करायची आणि तेही तिला अगं मावशीच म्हणायचे.

त्यांनी घसा खाकरत खाकरत सगळं सांगितलं. मावशीने प्रेस थांबवला.

"म्हणजे मला काढलंस?"

"नाही गं, नुसतं कागदावर. दुपारी परत घेतो."

"मग दुपारपर्यंत मी कोण?"

"दुपारपर्यंत... बेरोजगार."

"आणि दुपारनंतर?"

"नवीन."

"नवीन!" मावशी इतक्या मोठ्याने हसली की पलीकडचा फिटर बघायला आला. "अरे ऐकलंस का, मी दुपारी नवीन होणार आहे. काय रे, गुडघेपण नवीन मिळणार का?"

"मावशी, थट्टा नको."

"थट्टा तू चालवलीयस." ती हसायची थांबली. हात पुसत ती उभी राहिली. "काढायचं तर नीट काढ. तुझ्या वडिलांनी कुणाला निरोप दिला, तर सगळी माणसं अंगणात गोळा करायचे. चार शब्द बोलायचे. कागदावर काढायला मी काय चुकलेलं वाक्य आहे?"

धाकट्यांचा चेहरा पडला. पण ती म्हणाली ते खरं होतं. मग दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळ्यांना अंगणात गोळा केलं. धाकटे खुर्चीजवळ उभे राहून एकेकाबद्दल बोलू लागले. बोलायची सवय नव्हती, त्यामुळे जे खरं ते तोंडातून आलं. फिटरने पुरात प्रेसच्या मोटारी खांद्यावर घेऊन माळ्यावर कशा नेल्या. पॅकिंगच्या बाईचा एक कान प्रेसच्या आवाजाने कसा गेला आणि तिने कधी तक्रार कशी केली नाही. मावशीपाशी आल्यावर ते रडायलाच लागले. सगळ्यांनाच रडू फुटलं. मेव्हणासुद्धा डोळे पुसत होता, आणि त्याचं तर यात काहीच जात नव्हतं. सल्लागार घड्याळ बघत होता. "छान झालं," तो म्हणाला, "आता लंच, मग मुलाखती."

"मुलाखती कसल्या?"

"सर, नवीन भरती आहे. मुलाखती नकोत? ऑडिट असतं."

दुपारी टेबलामागे सल्लागार बसला, शेजारी महापालिकेची एक अधिकारी बाई. धाकट्यांना कडेची खुर्ची मिळाली. पहिला फिटर आला. ज्या कारखान्यातला प्रत्येक नटबोल्ट त्याच्या हातून गेला होता, तिथे तो टोपी हातात धरून उभा राहिला.

"पुढच्या पाच वर्षांत तुम्ही स्वतःला कुठे पाहता?" सल्लागाराने विचारलं.

फिटरने नीट विचार केला. "त्या खिडकीपाशी. तिथे वारा लागतो."

सल्लागाराने लिहिलं: महत्त्वाकांक्षा नाही.

पॅकिंगची बाई आली. तिला प्रश्न ऐकूच आला नाही, कारण विचारणारा तिच्या गेलेल्या कानाच्या बाजूला बसला होता. संवादकौशल्य कमी. रंगकाम करणाऱ्याला 'टीममध्ये काम करताना आलेला एक संघर्ष' सांगायला सांगितला, तेव्हा त्याने पलीकडे बसलेल्या मेव्हण्याकडे बोट दाखवलं आणि बराच वेळ बोलला. तोही गेला. संध्याकाळी यादी लागली, तेव्हा चौदांपैकी नऊ नवीन झाले होते आणि चारजण नापास. चौदावी मावशी. ती मुलाखतीला आलीच नव्हती.

धाकटे तसेच तिच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, गल्लीच्या टोकाला. मावशी दारात स्टुलावर बसली होती, पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात. धाकट्यांना बघून तिने पाय बाहेर काढायची तसदी घेतली नाही.

"मावशी, आली नाहीस."

"कुठे?"

"मुलाखतीला."

"मला काढलंय ना?" ती शांतपणे म्हणाली. "एवढा मोठा समारंभ केलास. तू रडलास, मी रडले. घरी येताना वाटेत मला वाटलं, बाई गं, संपलं की सगळं. इतकी वर्षं वाट बघत होते कुणीतरी म्हणावं, मावशी, आता बस. थोरले म्हणाले नाहीत, तू म्हणाला नाहीस. मीपण म्हटलं नाही. तुझ्या त्या उंटावरच्या शहाण्याने म्हटलं एकदाचं."

"पण ते खोटं होतं गं!"

"तू रडलास ते?"

धाकटे दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. "ते खरं होतं," ते शेवटी म्हणाले.

"मग झालं तर." मावशीने पाय घमेल्यात हलवले. "मला तुझा राग नाही. पण फिटरला परत नाही घेतलास ना, तर दारात पाऊल टाकू नकोस. माणसाला एकदा काढायचं असतं. सकाळी काढायचं, दुपारी परीक्षा घ्यायची, संध्याकाळी पुन्हा काढायचं, ही कुठली रीत?"

"बरं बरं," धाकटे म्हणाले.

"बरं बरं नको. हो म्हण नाहीतर नाही म्हण."

धाकटे हो म्हणाले. पण आधी पाहणीचा दिवस उगवला.

पाहणी म्हणजे महापौरबाई, समिती, बातमीदार आणि छायाचित्रकार मिळून तीस नवे कामगार डोळ्यांनी बघणार. कारखान्यात होते नऊ. ही गोष्ट कळल्यावर सचिव मुळीच घाबरला नाही. "माणसांची सोय आम्ही करतो," तो म्हणाला. सकाळी महापालिकेची बस आली. तिच्यातून उद्यान विभागाचे, पाणीपुरवठ्याचे, ग्रंथालयाचे मिळून एकवीसजण उतरले. त्यांना निळे कोट दिले आणि यंत्राभोवती उभं केलं. यंत्राला दोनच माणसं लागत असल्यामुळे बाकीच्यांनी काय करायचं हा प्रश्न होता. सल्लागाराने प्रत्येकाच्या हातात एकेक झाकण दिलं आणि त्याकडे टक लावून बघायला सांगितलं. गुणवत्ता नियंत्रण विभाग तयार झाला.

बाई सगळ्यांशी हसत, विचारपूस करत पुढे सरकत होत्या. एका उंच माणसापाशी त्या थबकल्या.

"तुम्हाला कुठेतरी पाहिलंय."

"हो मॅडम," तो उत्साहाने म्हणाला. "मी तुमच्या बंगल्यावरचा माळी. काल गुलाबांची छाटणी केली ती मीच."

सचिव झाकणाकडे बघू लागला. पण बाई उगीच महापौर झाल्या नव्हत्या. एक श्वास घेऊन त्या बातमीदारांकडे वळल्या. "पाहिलंत? सरकारी नोकरी सोडून माणसं आता उद्योगाकडे येताहेत. याला म्हणतात विश्वास!"

टाळ्या झाल्या. मग धाकट्यांना बोलायला उभं केलं. मेव्हण्याने भाषण लिहून आणलं होतं. त्यात 'क्षितिज' हा शब्द चारदा आला होता. धाकट्यांनी समोर बघितलं. खिडकीपाशी, जिथे वारा लागतो, तिथे कुणीच नव्हतं. दाराशी बायको उभी होती. तिने भुवई वर केली, एवढंच.

त्यांनी भाषण घडी करून खिशात ठेवलं.

"माझ्याकडे चौदा माणसं होती," ते म्हणाले. "विस्तार झाला आणि आता नऊ आहेत. हे बाकीचे सगळे महापालिकेचे आहेत, त्यांना संध्याकाळी परत द्यायचंय. न्हाव्याला माझ्यामुळे नोकरी नाही लागली. तो त्याच्या बापाच्या दुकानात बसतो. हे यंत्र एवढी झाकणं करतं की घ्यायला कोणी नाही. मागच्या जागेत ती भरून ठेवलीयत. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि माझ्याकडे तर झाकणं ढिगाने आहेत. मला विस्तार नको होता. मला फक्त एक दिव्याचा खांब हलवून हवा होता."

मग पहिल्या रांगेत कुणीतरी खो-खो हसलं. मग समिती हसली, बातमीदार हसले, महापौरबाई तर डोळे पुसत हसल्या. टाळ्या थांबेचनात. "काय विनोदबुद्धी!" बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी छापून आलं: 'नम्र उद्योजकाच्या मिश्किल भाषणाने सभा जिंकली'.

धाकटे घरी आले. त्यांना वाटलं होतं, खरं बोललं की आभाळ कोसळेल. इथे तर आभाळाने टाळ्या वाजवल्या.

"मला वाटलं होतं, निदान रागावतील तरी," ते बायकोला म्हणाले.

"त्यांना सांगून उपयोग नाही," बायको म्हणाली. "पण बोललात, हे बरं केलंत. आता बोलायचं सोडा आणि करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटे नापास झालेल्या चौघांच्याही घरी स्वतः गेले. फिटर आधी तयार होईना. "मला महत्त्वाकांक्षा नाही म्हणतात," तो म्हणाला. त्याला ते फार लागलं होतं. "मलाही नाही," धाकटे म्हणाले. "चल." पॅकिंगच्या बाईच्या चांगल्या कानाशी जाऊन त्यांनी माफी मागितली. चारही जण परतले, जुने म्हणून. नऊ नव्यांनाही त्यांनी पुन्हा जुनं केलं. सल्लागार धावत आला.

"सर, अट मोडतेय! सूट जाईल, जागा जाईल, यंत्र जाईल!"

"जाऊ दे," धाकटे म्हणाले. आपण 'बरं बरं' म्हटलं नाही, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

पण काही गेलं नाही. अट मोडल्याचं त्यांनी महापालिकेला रीतसर कळवलं, तर सचिवाचा वैतागून फोन आला. शंभर नोकऱ्या पूर्ण झाल्याचं जाहीर झालं होतं. आता त्या झाल्याच नाहीत म्हणायचं, तर आधी कोण खोटं बोललं ते ठरवावं लागणार. ते कुणालाच परवडणारं नव्हतं. यंत्र परत घेण्याची तरतूद नाही. कृपा करून यशस्वीच राहा, असं त्याने विनवलं. सल्लागाराला शेजारच्या शहराने जास्त पगारावर बोलावून घेतलं. बॅटऱ्यांच्या कारखान्यातही माणसं कमी पडत होती म्हणे, मोजायला.

यंत्रावर ताडपत्री पडली. फिटर तिच्यावर जेवणाचा डबा ठेवू लागला. मेव्हणा महिनाभर रुसून घरी आला नाही, आणि बायकोच्या मते विस्ताराचा तेवढा एक खरा फायदा झाला.

मावशीची जागा मात्र रिकामीच होती. एके सकाळी दारात तो उंच माळी येऊन उभा राहिला. निळा कोट हातात, नीट घडी केलेला.

"हा द्यायचा राहिला होता," तो म्हणाला. आणि तिथेच घुटमळला. "मालक, त्या दिवशी मी तासभर झाकणाकडे बघत उभा होतो. मला वाटलं, हे बनतं कसं? काम मिळेल का?"

"तिकडची सरकारी नोकरी सोडून?"

"मॅडम तर पेपरात म्हणाल्या, सोडलीच म्हणून."

धाकट्यांनी त्याला घेतलं. मुलाखत घेतली नाही. पत्रा कापतो म्हणून हातमोजे तेवढे दिले. तिसऱ्या दिवशी कारखान्याचा फोन खणखणला. महापौरबाई स्वतः.

"आमचा माळी तुम्ही पळवलात?"

"पळवला नाही मॅडम. चालत आला."

"अहो, गुलाब वाळताहेत इथे! परत पाठवा त्याला."

धाकट्यांनी काचेतून बघितलं. मावशी आली होती. पाहुणी म्हणून आले, प्रेसला हात लावणार नाही, असं दारातच बजावून ती खुर्चीवर बसली होती. तिथूनच ती माळ्याला ओरडत होती, "अंगठा आत, अंगठा आत! तो काय गुलाब आहे, पुन्हा फुटायला?" माळी घाम पुसत हसत होता.

"नाही मॅडम," धाकटे म्हणाले. "आमच्याकडे ही एकच नोकरी खरी झालीय. ती देता येणार नाही."

मग बाईंचा सूर बदलला. "म्हणजे आमच्याकडे माळ्याची जागा रिकामी झाली," त्या विचार करत म्हणाल्या. "म्हणजे आणखी एक रोजगाराची संधी." त्यांनी सचिवाला हाक मारलेली फोनवर ऐकू आली.

धाकट्यांनी फोन ठेवला आणि आत गेले. माळ्याचं पहिलं झाकण तयार झालं होतं, कडेला जरा वाकडं. मावशीने ते उलटसुलट करून बघितलं, नाक मुरडलं आणि आपल्या पिशवीत टाकलं.